गाडी दोन टनांची, फरशी कुणाची?

बेंगळुरूत पीण्या इंडस्ट्री मेट्रो स्टेशनवरून खाली उतरून आतल्या गल्लीत शिरलं, की कुठल्या तरी शेडमधून हमखास ऐकू येतं : खडखड, धडप्, पुन्हा खडखड. हा हँड पॅलेट ट्रक. धडप् झालं, म्हणजे पुढचं चाक फरशीच्या भेगेत बसलं. आजचा स्तंभ त्या धडप्‌साठी.

गाडीत खोट नाही. दांडा आठ-दहा वेळा खाली-वर केला की हायड्रॉलिक पंप काटे दहाएक सेंटीमीटर उचलतो आणि २ ते २.५ टन माल हलवता येतो, असं कॅटलॉग सांगतो. कॅटलॉगमधली फरशी आरशासारखी असते, हे तो सांगत नाही. पॅलेटच्या फटीत शिरायचं म्हणून काट्यांखालची चाकं जेमतेम ८ सेंटीमीटर व्यासाची. एवढ्याशा चाकाला काँक्रीटची उखडलेली कड म्हणजे उंबरठाच. त्यात शेडच्या दारात चढ. २० फुटांना १ फूट चढ असला, तरी एक टन मालामागे ५० किलोंचा जोर जास्तीचा लागतो. उतरताना तोच टन ओढणाऱ्याच्या टाचांवर येतो, आणि साध्या हातगाडीला बहुधा ब्रेक नसतो.

मालक म्हणतात, ‘लोकांना मशीनची सवयच नाही.’ मला हे पटत नाही. फरशी कुठे दगा देते ते त्यांना मालकापेक्षा चांगलं ठाऊक असतं. शिवाय लॉरी रस्त्यातच उभी, तिचा हौदा चार फूट उंच, धक्का नाही. मग माल पाठीवरूनच उतरतो. पॅलेट ट्रक कोपऱ्यात, दांड्यावर टॉवेल वाळत. नेलमंगल, होसकोटेकडच्या नव्या गोदामांत धक्के आहेत, गुळगुळीत फरशी आहे. तिथे हीच गाडी एका हाताने चालते.

आपण मराठीत हमाली म्हणतो ती कामाला आणि मजुरीला. इथे कन्नडमध्ये माणसालाही हमालीच म्हणतात. काम आणि माणूस एकच! आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ मध्ये एका पुरुषाच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचवली. दोनच वर्षांनी, १९६९ मध्ये, महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. सिमेंटची गोणी ५० किलोंची, म्हणजे मर्यादेच्या आतली. पण अशा २०० गोण्या उतरवल्या, की पाठीवरून १० टन गेलेले असतात. ते कुणी मोजत नाही.

तुमकूर रोडवरच्या प्रदर्शन केंद्रात आता मादावरपर्यंत मेट्रोनं जाता येतं. तिथे चकचकीत स्टॅकर पाहून दुसरी गाडी घ्यायचा मोह होईल. त्याआधी एका गवंड्याला बोलवा, त्याची लेव्हलची नळी घ्या आणि आपल्या शेडच्या दारातला चढ मोजा.