स्मृतीची परीक्षा, पण कोणत्या मापाने?

वृद्धांची स्मृती तपासण्यासाठी आभासी वास्तवाचे यंत्र वापरण्याचे प्रयोग पाश्चात्त्य देशांत गेली काही वर्षे चालू आहेत. डोळ्यांवर अवजड चष्मा चढविला, की समोर मैदाने, रस्ते, दुकाने उभी राहतात आणि त्यांतून वाट काढण्याचे काम वृद्धाला दिले जाते. हा खेळ वाटला, तरी त्यामागील विचार पक्का आहे. अल्झायमरच्या विकाराची झळ मेंदूच्या ज्या भागाला आरंभीच पोचते, त्याच्याच आधारे माणूस आपण कोठे आहोत हे ओळखतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सौम्य स्मृतिदोष असलेल्यांना अशा आभासी मैदानात ठरावीक खुणांपर्यंत चालवून मूळ जागी परतण्यास सांगितले. ज्यांच्या मज्जाद्रवात अल्झायमरची चिन्हे होती ते इतरांहून अधिक चुकले, आणि हा भेद कागदी चाचण्यांपेक्षा या चाचणीने अधिक नेमका दाखविला.

आता हे यंत्र लोधिवलीच्या परिसरात आणले, असे समजू. एका बाजूस जुना मुंबई-पुणे रस्ता आणि पाताळगंगेचे कारखाने, दुसऱ्या बाजूस भातखाचरे आणि डोंगरकडेच्या ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या. येथील कित्येक आजीआजोबांनी आयुष्यात पेन्सिल धरलेली नाही. १९७५ पासून जगभर रूढ झालेली कागदी चाचणी त्यांना वाक्य लिहावयास, आकृती काढावयास आणि शंभरातून सात-सात वजा करावयास सांगते. त्यात ते नापास झाले, तर तो दोष स्मृतीचा की न मिळालेल्या शाळेचा? हरियाणातील बल्लभगढ येथे काम करणाऱ्या संशोधकांना हा प्रश्न पडला होता. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या हिंदी चाचणीत वजाबाकीऐवजी वार उलट क्रमाने म्हणावयाचे असतात, आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगावयाचे असते.

वाट शोधण्यास अक्षर लागत नाही, हा नव्या यंत्राचा मोठाच गुण होय. पण चष्म्याच्या आत जर फडताळांचे, किमतींच्या चिठ्ठ्यांचे झगझगीत दुकान दिसू लागले, तर निरक्षरतेची जागा केवळ अपरिचयाने घेतली असे होईल. शिवाय २०१६ च्या ‘सी हिरो क्वेस्ट’ या मोबाइल खेळातून लाखो लोकांची जी माहिती गोळा झाली, तिच्यावरून २०२२ साली असे दिसून आले, की शहराबाहेर वाढलेली माणसे सरासरीने वाट अधिक चांगली शोधतात. म्हणजे बांधाबांधाने वाढलेला शेतकरी रोग जडल्यावरही लंडनच्या सरासरीत बसेल, आणि चष्म्याने गोंधळलेली त्याची निरोगी शेजारीण रोगी ठरेल! शेतमजुरांच्या महागाईचा निर्देशांक कारखान्यातील कामगारांहून निराळा काढावा लागतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकवितात. स्मृतीच्या मापाला हा न्याय का नसावा?

येथे चुकीच्या निदानाची किंमत केवळ वैद्यकीय नाही. महामार्गांमुळे खालापूर-कर्जतच्या जमिनीला सोन्याचा भाव आला आणि सातबाऱ्यावर नाव असलेल्या म्हाताऱ्याच्या अंगठ्याला वजन चढले. कशावर अंगठा उठविला हे ज्याला संध्याकाळी आठवत नाही, त्याचा रोग ‘वयच झाले’ म्हणून झाकला गेला, तर त्याची जमीन कोणीही लिहून घेईल. उलट, शहाण्यासुरत्या आजीवर विस्मृतीचा शिक्का बसला, तर ‘तिला काय कळते’ म्हणण्यास घरातलेच पुढे सरसावतील. निकालाचा कागद हाती कोणाच्या पडतो, याचाही विचार चाचणीबरोबरच व्हावयास हवा.

देशातील साठ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसे, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. एवढ्या जनांसाठी यंत्रे मागविण्याचा मोह शासनाला आज ना उद्या होईलच; खरेदीचे टिपण लिहिणे आपल्याकडे नेहमीच सोपे असते. त्याआधी काही शे निरोगी वृद्धांची, त्यांच्याच बोलीत सूचना देऊन आणि त्यांच्याच ओळखीचे बांध, पाणवठे, आठवड्याचा बाजार दाखवून, सरासरी काढावी. मोतीबिंदू आणि बहिरेपण आधी तपासावे. घरोघर जाऊन अशी नोंद करण्याचे काम कर्जत-खोपोलीच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी सुटीत करू शकतील. त्याचा खर्च यंत्रांच्या खरेदीतच धरला जावा, आणि ती सरासरी हाती येईपर्यंत कोणाच्याही निकालावर ‘रोगी’ हा शब्द लिहिला जाऊ नये.