घरांतील यंत्रें : संगणकाची कोठी

गेल्या फाल्गुनांत वसमतेस एका स्नेह्यांकडे चार दिवस राहण्याचा योग आला. वसमत म्हटलें कीं हळद. मोंढ्यावर पोत्यांच्या थप्प्या लागलेल्या, आणि घरांतील कर्ते काका सकाळींच तिकडे गेलेले. घरांत लॅपटॉप एकच. थोरल्या चिरंजिवांच्या शिक्षणासाठीं २०१२ सालीं घेतलेला तो आतां नऊ माणसांचा झाला आहे. वहिनींचीं वीजबिलें, धाकट्या कन्येचा अभ्यास, आजोबांचीं कीर्तनें, सर्व त्याच्यावरच.

यंत्र फार मंदावलें म्हणून पुतण्यानें आदल्या रात्रीं ब्राउझरची 'सफाई' केली. म्हणजे जितक्या चौकटी दिसल्या तितक्यांवर खुणा केल्या. सकाळीं कन्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज पुरा करावयास बसली. मुदतीचा शेवटचा दिवस. पाहते तों पासवर्ड पुसलेला, वहींत कोठें लिहिलेला नाहीं, आणि नवा मागवावा तर त्याचा ओटीपी काकांच्या मोबाइलवर! काका लिलावांत, मोबाइल खिशांत वाजून वाजून थकला. अखेर पुतण्यासच मोंढ्यावर पिटाळलें. अर्ज दुपारीं तीन वाजतां गेला, पण तोंवर मुलीच्या डोळ्यांचें पाणी खळलें नव्हतें. लॅपटॉप मात्र होता तितकाच मंद राहिला.

त्या मुलास बोल लावण्यापूर्वीं 'कॅशे' म्हणजे काय तें पाहूं. लपवून ठेवणें ह्या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून हा शब्द आला, आणि १९६८ सालीं जाहीर झालेल्या आय. बी. एम.च्या 'सिस्टिम ३६०, मॉडेल ८५' ह्या यंत्राबरोबर तो संगणकाच्या परिभाषेंत रुळला. आमच्या मतें त्यास 'कोठी' म्हणावें. वर्षाचें धान्य आपण कोठींत भरतों तें अडगळ म्हणून नव्हे, रोज बाजारांत धांवावें लागूं नये म्हणून. ब्राउझरही एकदां पाहिलेल्या पानांतील चित्रें व इतर सामग्री जवळ ठेवितो. पुन्हां तेंच पान उघडलें म्हणजे पुष्कळदां इतकेंच विचारतो कीं, कांहीं बदललें आहे काय? नसेल तर घरचेंच वाढतो. कोठी रिकामी केली कीं सर्व नव्यानें आणावें लागतें. मोबाइलच्या इंटरनेटवर चालणाऱ्या घरांत तो वेळेचा आणि डेटाचा भुर्दंडच होय. शिवाय कोठीस मर्यादा असते. ती भरत आली कीं ब्राउझर आपणच जुनें काढून टाकतो.

मग ती कधींच रिकामी करूं नये काय? एखादें पान शिळें किंवा मोडकें दिसूं लागलें तर प्रथम कंट्रोल व एफ-पांच ह्या कळा दाबाव्या. तेवढें पान ताजें येतें. त्यानें न भागल्यास, अथवा जागेची फारच ओढ असल्यास, कंट्रोल, शिफ्ट व डिलीट ह्या कळांनीं पुसण्याची यादी उघडावी आणि कॅशे केलेल्या चित्रांच्या व फायलींच्या एकाच चौकटींत खूण ठेवावी. 'कुकी' म्हणजे ओळखीची चिठ्ठी. ती गेली कीं प्रत्येक दारीं पुन्हां नांव सांगावें लागतें. पासवर्डांच्या चौकटीस तर हातच लावूं नये. पुतण्याचें नडलें तें येथें.

मंदपणाचें मूळ आम्हांस निराळेंच आढळलें. विंडोजमध्यें 'सी' ह्या भागाची पट्टी लाल झाली होती, म्हणजे दहांतील एक भागही मोकळा नव्हता. डाउनलोडच्या कप्प्यांत एकच प्रवेशपत्र अकरा वेळां उतरविलेलें, आणि आजोबांचीं कीर्तनें तर अगणित! तीं पेनड्राइव्हवर हलविलीं, एका वेळीं उघडीं राहणारीं पंचवीस पानें पांचांवर आणलीं, तेव्हां यंत्रानें जरा श्वास घेतला.

विंडोज-सात मात्र तेथें अजून आहे, व त्यावर गुगलचा क्रोम १०९ व्या आवृत्तीपुढें जात नाहीं. २०२३ च्या आरंभापासून त्यास सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळत नाहींत. बँकेचीं कामें त्यावर करूं नयेत असें आम्हीं काकांस सांगितलें. काका म्हणाले, "हळदीचे पैसे हातीं येऊं द्या, मग पाहूं." वहिनींनीं मात्र त्याच संध्याकाळीं पासवर्डांची वही घातली. ती देवघराशेजारच्या कपाटांत कुलपांत असते, आणि किल्ली त्यांच्या कनवटीस.