कट्ट्यावर ऐकलेले गाणे

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून गाणी ऐकण्याचे माझे वय राहिले नाही, हे मला मान्य आहे. पंचेचाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाने तिथे दोन फेऱ्या माराव्यात, गुडघ्यांविषयी चार शब्द बोलावेत आणि भाजी घेऊन घरी जावे. पण गेल्या वर्षी दसरा होऊन चार दिवस झाले होते. आमच्या इमारतीतले नाना दुसरी फेरी अर्ध्यावर सोडून कट्ट्यावर टेकले आणि त्यांनी खिशातून मोबाईल काढला.

"प्रोफेसर, हे ऐका जरा. पोरानं पाठवलंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

नानांचा मुलगा बंगळूरला असतो. 'कामानिमित्त' असे नाना सांगतात. खरे कारण इमारतीला ठाऊक आहे, आणि ते इमारतीला ठाऊक आहे हे नानांनाही ठाऊक आहे. आपल्यात शेजारधर्म म्हणतात तो हाच!

"इंग्रजी आहे. नुसता ठेका कळला. तुम्ही मास्तर माणूस."

मी मराठीचा मास्तर, ही हरकत त्यांनी फेटाळून लावली. मग एका वायरचे एक टोक त्यांच्या कानात, एक माझ्या, असे आम्ही बसलो. समोर क्रिकेट खेळणारी पोरे हसली असावीत.

गाण्याचे नाव 'स्मॉलटाऊन बॉय'. १९८४ साली इंग्लंडातल्या 'ब्रॉन्स्की बीट' या तिघांच्या मंडळीने ते काढले. सारा मामला सिंथेसायझरचा, ठेका नाचायला लावणारा. पण त्यावर ग्लासगोच्या जिमी सॉमरव्हिलचा आवाज इतका उंच चढतो, की नाचणाऱ्याचे पाय घुटमळावेत. गावात ज्याला जागा उरली नाही असा एक मुलगा सामान उचलून निघून जातो, एवढीच गोष्ट. आपण समलिंगी आहोत हे तिघेही उघड सांगत. गाणे ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोचले आणि देशोदेशीच्या तशा मुलांनी ते आपलेच मानले.

ते ज्या संग्रहात आले त्याचे नाव 'संमतिवय'. आपल्याला संमतिवय म्हटले की १८९१ चा कायदा आणि टिळक-आगरकरांचा वाद आठवतो. यांचा वाद निराळा होता. त्या वेळी ब्रिटनमध्ये स्त्री-पुरुषांसाठी हे वय १६ होते, दोन पुरुषांसाठी २१. निरनिराळ्या युरोपीय देशांतली अशी वये त्यांनी वेष्टनावरच छापली होती. तिथला कायदा समान व्हायला २००० साल उजाडले.

नानांनी कानातले टोक काढले. "म्हणजे हे घर सोडण्याचं गाणं?"

"हो."

"आईचं काही आहे त्यात?"

"आहे."

"आणि बापाचं?"

"गाण्यात नाही. त्याची चित्रफीत आहे, तिच्यात आहे. मुलगा निघताना बाप त्याला पैसे देतो. मुलगा हात पुढे करतो. बाप तो हातात घेत नाही."

नाना बराच वेळ मैदानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिकिटाचे पैसे मीही दिले होते."

इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेतले ३७७ कलम सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सज्ञानांच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरते रद्द केले. आता चोरी नाही, या भरवशावर पोराने त्याच दिवाळीत घरी सांगितले. न्यायालयाचा निकाल देशभर लागू होतो. नानांच्या दोन खोल्यांत मात्र तो पोचला नव्हता.

नानांना दोष द्यायला मी कोण? तो मुलगा माझ्या वर्गात होता. तेंडुलकरांवर तास चालला होता. त्यांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले, म्हणजे या गाण्याच्याही तीन वर्षे आधी. मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीचे ते नाटक. मी त्याचे नाव आणि साल सांगून पुढे सरकलो. तास संपल्यावर तो टेबलाशी आला आणि म्हणाला, "सर, या नाटकाविषयी अजून सांगाल?" मी घड्याळ पाहिले आणि म्हणालो, "परीक्षेला येत नाही ते." मुलगा "बरं सर" म्हणून निघून गेला.

हे सारे मी नानांना सांगून टाकले. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "उद्यान एक्स्प्रेस दादरला थांबते ना?"

"थांबते. पण दिवाळीची गर्दी, वेटिंग लिस्ट असेल. फराळ कुरिअरनं पाठवलात तर..."

"पैसे पाठवून झालेत, प्रोफेसर. आता मीच जातो."

चकली, चिवडा आणि करंज्यांचा डबा घेऊन नाना-नानी गेले. मुलासाठी मी एक चिठ्ठी दिली : 'तुझ्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे. चूक माझी होती.'

भाऊबिजेनंतर नाना परत आले. तिकडे काय झाले ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. फक्त म्हैसूरपाकाचा डबा हातात दिला. त्यावर माझीच चिठ्ठी चिकटवलेली होती, आणि खाली वळणदार अक्षरात एक ओळ : 'सर, उत्तर आता पुढच्या वर्गाला द्या.'

यंदा ते नाटक शिकवताना मी मनगटावरचे घड्याळ काढून खिशात ठेवले. तास संपल्यावर दोघेजण टेबलाशी थांबले होते.