पहिले गिऱ्हाईक कोणाशी खेळणार?

पुण्यात शिकणारा पुतण्या दिवाळीत लातूरला आला आणि आडतीच्या गादीवर बसून म्हणाला, "काका, मोबाइलवरचा एक खेळ तयार करतोय. दुकानातून भांडवल द्याल का?" मागितलेली रक्कम लहान नव्हती. खेळ दहा जणांनी एकत्र खेळण्याचा, चित्रे देखणी. मी एवढेच विचारले, "पहिल्या दिवशी एकच गिऱ्हाईक आले, तर ते कोणाशी खेळणार?" तो गप्प झाला.

हा प्रश्न मला २०२० च्या टाळेबंदीने शिकविला. इकडे गंजगोलाई बंद, तिकडे नांदेडचे वजिराबाद बंद. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की मी, नांदेडच्या आत्याबाई आणि मुले 'लुडो किंग'वर जमत असू. सोंगटी मारताना आत्याबाई नात्यागोत्याची मुळीच भीड ठेवीत नसत.

नवी मुंबईच्या गेमशन कंपनीचे विकास जयस्वाल यांनी हा खेळ २०१६ साली आणला. पट नवा नव्हताच. आपल्या पचिसीवरून इंग्लंडात बेतलेल्या लुडोचे १८९६ साली पेटंट झाले. तीच लेक माहेरी परतली. त्यामुळे नियम कोणाला शिकवावे लागले नाहीत. साध्या फोनवर चालतो, इंटरनेट नसेल तर एकाच फोनवर चौघे आळीपाळीने खेळतात. कोणीच नसेल तर संगणक समोर बसतो. म्हणजे रिकाम्या बाजारातूनही पहिले गिऱ्हाईक परत जात नाही. घरची माणसे हवी असतील तर संकेतांक पाठवावा, की एक खेळाडू आणखी तिघांना ओढून आणतो. आडतीत तरी वेगळे काय घडते? खरेदीदार असतील तिथे माल येतो, माल असेल तिथे खरेदीदार. शिवाय दान दैवाधीन असल्याने मागे पडलेल्याचीही आशा सुटत नाही. बुद्धिबळ असते तर आत्याबाई चार दिवसांत उठून गेल्या असत्या.

जाहिरातींचा वैताग आहे, पण कंपनीचे पोट त्यावरही भरते. अनुकरण करणाऱ्या अनेकांनी मात्र पट आणि रंग तेवढे उचलले व त्यावर पैशांचा डाव लावला. त्याला 'कौशल्य' म्हटल्याने द्यूताचे नाव पुसले जात नाही. सप्तव्यसनांत ते पहिले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. पुतण्याला मी हे आधीच बजावले होते.

भांडवल अजून दिलेले नाही. चौघांत चालेल असा लहान डाव करून आण आणि तो प्रथम आत्याबाईंच्या फोनवर चालवून दाखव, असे सांगितले आहे. तो फोन टाळेबंदीच्याही आधीचा आहे.