खुशीचा राजीनामा की गळ्याचा फास?

पेडगावच्या एका शेतकरी बांधवाने आम्हांस विचारले आहे की, "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कुळाने कसतो ते शेत मालक शहरातल्या एका धनिकास विकतो आहे. तो म्हणतो, या कागदावर अंगठा कर आणि बांधाबाहेर हो. आम्ही काय करावे?" हा प्रश्न त्या एकट्याचा नाही, म्हणून उत्तर सर्वांसमक्ष देतो. अंगठा करू नये.

का करू नये, याची साक्ष आमच्याच मुलखात आहे. परभणी निजामाच्या राज्यात होती तेव्हा कचेरीची भाषा उर्दू आणि कसणाराची मराठी. ज्याच्या मानेवर सुरी, त्यालाच कागदातला मजकूर कळत नसे. १९४८ साली ते राज्य गेले, १९४९ साली जहागिऱ्या गेल्या, आणि १९५० साली हैदराबादचा कुळवहिवाट कायदा झाला. लाखो शेतकऱ्यांची 'संरक्षित कूळ' अशी नोंद झाली. लोकांस वाटले, आता बांध पक्का झाला.

पण झाले काय? अर्थशास्त्रज्ञ अ. म. खुसरो यांनी हैदराबाद राज्यातील कुळांची पाहणी केली. ती १९५८ साली छापून निघाली. १९५१ साली नोंदलेल्या दर शंभर संरक्षित कुळांपैकी चार वर्षांत सुमारे १२ जण जमीन विकत घेऊन मालक झाले आणि सुमारे ४५ कुळे म्हणून टिकली. कायद्याने निघाली ती तीनही भरत नाहीत. बेकायदा हुसकली ती २२, आणि 'स्वखुशीने' जमीन सोडली म्हणतात ती जवळजवळ १८! म्हणजे कायद्याने जेवढे उठले, त्याच्या सुमारे पंधरा पट लोक दांडगाईने आणि अंगठ्याने उठले.

वाचकहो, बापाआजाने घाम गाळलेली जमीन कोण खुशीने सोडतो? ज्याचे धान्य उसने, मुलीच्या लग्नाचे कर्ज ज्याचे, त्याला नाही कसे म्हणावे, ही ती खुशी होय.

कायदा तर स्पष्ट आहे. राजीनामा लेखी हवा, कुळाने तो तहसीलदारासमोर स्वतः कबूल केला पाहिजे, आणि तो प्रामाणिकपणे दिला आहे अशी तहसीलदाराची खात्री झाली पाहिजे. तहसीलदाराच्या हुकुमावाचून मालकाला ताबा घेता येत नाही. संरक्षित कुळाची जमीन विकायची तर मालकाने आधी त्या कुळालाच लेखी विचारले पाहिजे. मुंबई कायद्याखालच्या अशाच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली निकाल दिला की, कुळाला परिणाम समजले आहेत व तो राजी आहे याची अधिकाऱ्याने चौकशी करून तसा शेरा मारलाच पाहिजे. नाही तर तो राजीनामा रद्दबातल. सुतार, लोहार, कुंभार बांधवांनीही ध्यानात ठेवावे की, हक्काचा ताबा मागण्यासाठी शेतमजूर आणि कारागीर यांनाही याच कायद्याने तहसीलदाराचे दार उघडे ठेवले आहे.

मालकाला काहीच हक्क नाही असे आम्ही म्हणत नाही. त्याने कचेरीत यावे, कारण सांगावे, निकाल घ्यावा. आमचे भांडण न्यायाशी नाही, न्याय चुकवणाऱ्याशी आहे.

आणखी एक कडू गोष्ट. आज पैसा गुंतवून जमिनी गोळा करणारे सारेच भट-सावकार नाहीत. त्यांत आमच्याच जातीचे, आमच्याच सभांत जोतीराव फुल्यांच्या तसबिरीला हार घालणारेही आहेत. गरिबाचा अंगठा चोरणारा आपला असला म्हणून चोरी धर्म होत नाही.

तेव्हा पेडगावच्या बांधवा, तलाठ्याकडून सातबारा घे. तहसिलीतून १९५४-५५ चा खासरा व संरक्षित कुळांच्या नोंदवहीची नक्कल काढ. खंडाच्या पावत्या जपून ठेव. कागद पुढे आला तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून तो मोठ्याने वाचून घे, आणि एवढेच म्हण: "जे बोलायचे ते तहसीलदारासमोर बोलू."