फोनच्या खोक्यावर न छापलेली तारीख

दसरा-दिवाळीच्या तोंडावर मोबाइलच्या जाहिराती पाहिल्या, तर तेच चार आकडे पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतात: ५० मेगापिक्सेल, ६००० एमएएच, १२० हर्ट्झ, १६ जीबी रॅम. गिऱ्हाईकही हेच आकडे मनात धरून दुकानाची पायरी चढते आणि विचारते, ‘पंधरा हजारांत सगळ्यात भारी कुठला?’ या प्रश्नात एक गोष्ट विचारायचीच राहते. पंधरा हजार मोजून घेतलेला हा फोन किती वर्षे कामाचा राहणार? कामाचा राहणे म्हणजे नुसता चालू होणे नव्हे. बँकेचे अ‍ॅप त्यात उघडले पाहिजे, सुरक्षेचे अपडेट येत राहिले पाहिजेत, बॅटरी दिवसभर पुरली पाहिजे आणि काच फुटली तर ती वाजवी पैशांत बदलून मिळाली पाहिजे. ज्या वर्षी यातले काही बंद पडते, त्या वर्षी तो फोन संपला असे धरावे. म्हणून फोनचे बजेट एकरकमी किमतीवर न ठरवता वर्षाला किती खर्च पडतो यावर ठरवायला हवे. तसे केले की आज स्वस्त वाटणारे बरेच फोन महाग निघतात.

हिशेब साधा आहे. अँड्रॉइडमध्ये सापडणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींची यादी गूगल २०१५पासून दर महिन्याला जाहीर करते. त्या बुजवणारे अपडेट आपल्या फोनपर्यंत पोहोचवणे हे फोन बनवणाऱ्या कंपनीचे काम, आणि ते किती वर्षे करायचे हे कंपनी प्रत्येक मॉडेलसाठी वेगवेगळे ठरवते. ऑक्टोबर २०२३मध्ये आलेल्या पिक्सेल ८ला गूगलने सात वर्षे दिली, जानेवारी २०२४मध्ये गॅलेक्सी एस२४ला सॅमसंगनेही सात वर्षे दिली. हे महागडे फोन झाले; पण त्याच वर्षी आलेल्या, वीस हजारांच्या आतल्या गॅलेक्सी ए१६ ५जीलाही सहा वर्षांचे आश्वासन मिळाले. दुसरीकडे त्याच किमतीच्या आसपास दोन-तीन वर्षांवर हात झटकणारे फोन आजही विकले जातात. आता समजा, एक फोन बारा हजारांचा आहे आणि त्याचे अपडेट दोन वर्षांत संपणार आहेत. दुसरा अठरा हजारांचा आहे, तो पाच वर्षे वापरायचा आहे आणि मध्ये एकदा दोन हजार घालून त्याची बॅटरी बदलायची आहे. पहिला वर्षाला सहा हजारांना पडतो, दुसरा चार हजारांना. शिवाय एप्रिल २०२०पासून मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे. दर दोन वर्षांनी नवा फोन घेणारा माणूस तो करही दर दोन वर्षांनी नव्याने भरतो.

या हिशेबात एक खाच आहे आणि ती सेलच्या दिवसांत सर्वांत जास्त फसवते. अपडेटची वर्षे साधारणपणे मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण ते विकत घेतल्यापासून नव्हे. जानेवारीत आलेले मॉडेल पुढच्या वर्षीच्या दिवाळीत चार हजारांनी उतरलेले दिसते, तेव्हा त्याच्या आयुष्यातली जवळजवळ दोन वर्षे दुकानाच्या फळीवरच गेलेली असतात. सूट मिळते ती बरीचशी त्या गेलेल्या वर्षांची. सात वर्षे दिलेल्या फोनला यातून फारसा धक्का पोहोचत नाही, पण तीन वर्षेच असलेल्या फोनचे एकच वर्ष हाती उरते. म्हणून सेलमध्ये किंमत पाहण्याआधी मॉडेल कोणत्या महिन्यात आले ते पाहावे आणि मगच उरलेल्या वर्षांनी भागाकार करावा.

हा हिशेब न केल्याने काय होते, हे महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. पोषण अभियानाच्या नोंदी करण्यासाठी राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना २०१९मध्ये सरकारी फोन मिळाले. रॅम २ जीबी. २०२१मध्ये पोषण ट्रॅकर हे नवे अ‍ॅप आले आणि त्याच्या भाराने हे फोन अडकू लागले, तापू लागले, बंद पडू लागले. दुरुस्तीचा खर्च मानधनातून करावा लागतो, अशी सेविकांची तक्रार होती. अखेर ऑगस्ट २०२१मध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत आंदोलने झाली आणि सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. गरोदर माता आणि बालकांच्या नोंदी ज्यांच्या बोटांवर अवलंबून आहेत, त्या बायकांच्या हाती जेमतेम दोन वर्षे टिकणारे साधन दिले गेले, याचा राग यायलाच हवा. त्या प्रकरणाचा धडा घरगुती खरेदीलाही लागू आहे. अ‍ॅप दरवर्षी जड होत जातात, फोन मात्र विकत घेतला तेवढाच राहतो. आजच्या गरजेला काठोकाठ पुरणारा फोन उद्याच्या गरजेला अपुराच पडणार. मेमरीच्या बाबतीत थोडी मोकळी जागा ठेवून फोन घेणे, म्हणजे ४ जीबीऐवजी ६ किंवा ८ जीबी रॅम आणि ६४ऐवजी १२८ जीबी साठवण, ही चैन नाही. फोनच्या आयुष्यात वर्ष-दोन वर्षांची भर घालणारा तो सर्वांत स्वस्त मार्ग आहे. २०२५च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढल्यामुळे कंपन्यांना नेमक्या याच ठिकाणी काटकसर करण्याचा मोह होतो, तेव्हा इथे जास्त बारकाईने पाहावे.

आता ते जाहिरातीतले आकडे. ‘१६ जीबी रॅम’ असे ठळक छापलेले असते आणि शेजारी बारीक तारा असतो. तळाशी वाचले तर खरी रॅम ८ जीबी आणि उरलेली ‘व्हर्च्युअल’, म्हणजे फोनच्या साठवणीतून उसनी घेतलेली. साठवणीची चिप रॅमपेक्षा कितीतरी संथ असते, त्यामुळे दोन्हींची बेरीज करून सांगणे हीच दिशाभूल आहे. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा बहुधा चार-चार बिंदू एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतो. त्यात गैर काही नाही, फोटो उलट सुधारतो. पण आकडा मोठा म्हणून कॅमेरा चांगला, हे समीकरण त्यातून निघत नाही. त्याच्या शेजारचे २ मेगापिक्सेलचे ‘मॅक्रो’ आणि ‘डेप्थ’ कॅमेरे बहुतेकदा संख्या फुगवण्यापुरते असतात. ‘५जी’ या शब्दाचेही तसेच. भारतात ऑक्टोबर २०२२मध्ये ५जी सुरू झाले तेव्हा जिओने एक पद्धत निवडली आणि एअरटेलने दुसरी. नोव्हेंबर २०२४मध्ये दहा हजारांच्या आत आलेल्या रेडमी ए४ ५जीमध्ये फक्त पहिल्या पद्धतीची सोय होती, त्यामुळे एअरटेलचे सिम टाकणाऱ्याला तेव्हा त्यावर ४जीच मिळत होते. आपल्या गावात कोणाचे टॉवर आहेत आणि हा फोन त्यावर चालतो का, हा प्रश्न खोक्यावरच्या ‘५जी’पेक्षा मोलाचा आहे.

गरज म्हणजे नेमके काय, हे माणसागणिक बदलते, आणि दुकानातल्या चकचकीत दिव्याखाली ते कळत नाही. २०२१पासून राज्यातला शेतकरी ई-पीक पाहणी करतो. बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, अ‍ॅप त्याच्याबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश घेते आणि मग सातबाऱ्यावर पीक लागते. भर दुपारच्या उन्हात स्क्रीन दिसत नसेल किंवा जीपीएस शेजारच्या गटात भरकटत असेल, तर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल कितीही असोत, त्याचे काम अडते. त्याने स्क्रीनची उजेड-क्षमता बघावी, शक्य असेल तर फोन दुकानाबाहेर उन्हात धरून बघावा. दिवसभर घरपोच सेवेची धाव घेणाऱ्या पोराला बॅटरी आणि झटपट चार्जिंग हवे. पेन्शन, औषधे आणि नातवंडांचे व्हिडिओ कॉल एवढेच पाहणाऱ्या आजोबांना वेगवान प्रोसेसरचा काही उपयोग नाही. पण त्यांच्या फोनवर बँक असते, म्हणून सुरक्षेचे अपडेट सर्वांत जास्त काळ त्यांनाच लागतात. घरातला जुना, अपडेट संपलेला फोन आजोबांकडे सरकवण्याची आपल्याकडची पद्धत म्हणूनच उलटी आहे.

यावर पहिला आक्षेप पैशांचा, आणि तो खराच आहे. वर्षाचा हिशेब कागदावर ठीक, पण ज्याच्या हाती आज दहाच हजार आहेत त्याने वरचे आठ हजार आणायचे कुठून? दुकानदार लगेच ‘नो कॉस्ट ईएमआय’ पुढे करतो. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३मध्येच बँकांना बजावले आहे. तेव्हापासून व्याज आधी सवलत म्हणून दाखवून नंतर हप्त्यांतून वसूल केले जाते, वर प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी. रोख घेतल्यास किती कमी होतील, हे विचारल्याशिवाय हप्त्यावर सही करू नये. त्यापेक्षा दहा हजारांच्या आसपासच, पण चार वर्षांच्या अपडेटचे आश्वासन असलेले मॉडेल शोधणे बरे. २०२५पासून असे काही फोन मिळू लागले आहेत. नाहीतर सात वर्षे मिळालेल्या जुन्या महागड्या फोनचा दुसऱ्या हाताचा नग घ्यावा. तो घेताना *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक काढावा आणि ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे, मोकळी जागा व तो क्रमांक असा संदेश १४४२२ला पाठवावा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन असेल तर तिथेच उघड होते.

दुसरा आक्षेप: अपडेट बंद झालेले फोन लाखो लोक बिनघोर वापरतात, काय बिघडते? हे मान्य करायला हवे की आपल्याकडचे बहुतेक गंडे बोलण्यातून घातले जातात. लग्नपत्रिकेच्या किंवा आरटीओ चलनाच्या नावाने आलेली एपीके फाइल आपणच उघडली, तर नवा कोरा फोनही पूर्ण वाचवू शकत नाही. पण म्हणून उघड्या खिडकीला कडी लावायची नाही, असे होत नाही. शिवाय बँका आणि पेमेंटची अ‍ॅप अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांना टप्प्याटप्प्याने आधार देणे थांबवतात. तेव्हा निर्णय आपल्या हातात राहत नाही. घाईने, मिळेल तो फोन घ्यावा लागतो.

एवढी चौकशी प्रत्येक गिऱ्हाइकाने करावी, ही अपेक्षा मात्र अन्यायाची आहे. वेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांनुसार खोक्यावर कमाल किंमत आणि उत्पादनाचा महिना-वर्ष छापावे लागते. सुरक्षेचे अपडेट कधी संपणार, हे कंपनीला माहीत असूनही छापावे लागत नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४पासून ही मुदत जाहीर करणे कायद्याने बंधनकारक आहे. युरोपीय संघाने २० जून २०२५पासून त्यापुढे जाऊन मॉडेलची विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षे अपडेट, सात वर्षे सुटे भाग आणि ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता राखणारी बॅटरी, अशी अट घातली. त्याच कंपन्या आपल्याकडेही फोन विकतात. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने मे २०२५मध्ये दुरुस्ती-सुलभता निर्देशांकाचा अहवाल दिला असून त्याच्या निकषांत सॉफ्टवेअर अपडेटही आहेत. केंद्राने हा निर्देशांक सक्तीचा करावा आणि त्यासोबत ‘सुरक्षा अपडेट अमुक महिन्यापर्यंत’ ही एक ओळ कमाल किमतीच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, मराठीसह स्थानिक भाषांत छापायला लावावी. ते होईपर्यंत गिऱ्हाइकाने दुकानदाराला हीच तारीख विचारावी, आणि ती सांगता येत नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर दाखवायला सांगून मगच पैसे द्यावेत.