टेकडीची शाळा आणि आकाशाचे दुकान

हँग ग्लायडिंग हा खेळ अस्ताला चालला आहे, अशी तक्रार त्या खेळातली जुनी मंडळी बरीच वर्षे करीत आहेत. वैमानिकांचे वय वाढते आहे, नवी माणसे येत नाहीत, शिकवणाऱ्या शाळा बंद पडत आहेत, ही त्या तक्रारीची कलमे. ती खोटी नाहीत. आमचा आक्षेप आहे तो या तक्रारीवर सांगितल्या जाणाऱ्या उपायाला. उपाय असा : अधिकाधिक लोकांना एकदा तरी टँडमवर, म्हणजे अनुभवी चालकाच्या जोडीने, आकाशात न्यावे, एकदा चव लागली की त्यांतले काही आपसूक शिकायला येतील आणि खेळ वाढेल. हा उपाय खेळ वाढवीत नाही, खेळाचे दुकान वाढवतो, असे आम्हाला वाटते; आणि दुकान वाढले की शाळेची जागा कशी आक्रसते, हे कोणत्याही शिकवणाऱ्या माणसाला सांगावे लागू नये.

आम्ही मराठीचे अध्यापक. या विषयात आम्ही तोंड घालण्याचे कारण काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. कारण एका शब्दात दडलेले आहे. अमेरिकेत 1982 पासून लागू असलेल्या नियमांनुसार अशा हलक्या विमानातून एकानेच उडावे लागते. दोघांनी उडण्याची सवलत मिळते ती फक्त प्रशिक्षणासाठी. म्हणून तेथे वीस मिनिटांची हौस भागवायला आलेला पर्यटकही कागदोपत्री 'विद्यार्थी' ठरतो. तो नाव नोंदवतो, सही करतो, उडतो, फोटो घेतो आणि निघून जातो. त्याला पुन्हा पाहण्याची अपेक्षा कोणालाच नसते. परतून न येणाऱ्या ग्राहकाला विद्यार्थी म्हणायचे आणि मग विद्यार्थी कमी का झाले म्हणून कपाळाला हात लावायचा, ही शब्दांची अफरातफर आहे. शब्दांची अफरातफर हा मात्र आमच्या विषयाचा भाग आहे.

मुळात हा खेळ काय आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे लोक त्याची पॅराग्लायडिंगशी गल्लत करतात. पॅराग्लायडर म्हणजे हवेने फुगणारा कापडी पंख. तो घडी करून पाठीवरच्या पिशवीत मावतो. हँग ग्लायडरला धातूच्या नळ्यांचा सांगाडा असतो, त्यावर कापड ताणलेले असते आणि वैमानिक त्याखाली पट्ट्यांना टांगून, बहुधा पालथा, उडतो. वजन साधारण 25 ते 35 किलो. नेण्यासाठी गाडीचे टप हवे, जोडायला वेळ हवा. या बदल्यात वेग आणि पल्ला मिळतो. 3 जुलै 2012 रोजी टेक्ससमधील झपाटा येथून निघालेल्या डस्टिन मार्टिन या वैमानिकाने इंजिनाशिवाय, केवळ उष्ण हवेच्या प्रवाहांवर, 764 किलोमीटर अंतर कापले. मुंबईहून निघून नागपूरच्या वेशीला पोचावे, इतके हे अंतर जवळजवळ आहे.

परंतु या खेळाचा उगम अशा पल्ल्यांत नाही. तो एका बुटक्या टेकडीत आहे. ओटो लिलिएंथालने 1894 मध्ये बर्लिनजवळ लिख्टरफेल्ड येथे सुमारे 15 मीटर उंचीची टेकडी मुद्दाम रचून घेतली. तिला शंकूचा आकार दिला, म्हणजे वारा कोणत्याही दिशेचा असो, त्याच्याकडे तोंड करून धावता येईल. या आणि आसपासच्या टेकड्यांवरून त्याने सुमारे दोन हजार उड्डाणे केली. एकेक उड्डाण काही सेकंदांचे. सगळ्यांची बेरीज केली तर जेमतेम पाच तास भरतात. पाच तासांसाठी दोन हजार वेळा चढणारा हा माणूस या खेळाचा पहिला शिक्षक आणि पहिला विद्यार्थीही होता. 1896 च्या ऑगस्टमध्ये तो पडून मेला, हेही विसरता येत नाही. त्याला चुका दाखवणारे दुसरे कोणी नव्हते. त्याच्यानंतरच्यांना ही सबब उरली नाही.

तरीही तीच चूक पुन्हा झाली. फ्रान्सिस आणि गर्ट्रूड रोगॅलो या दांपत्याने 1948 मध्ये सिद्ध केलेला लवचिक पंख, 1963 मध्ये ऑस्ट्रेलियातील ग्रॅफ्टन येथे जॉन डिकिन्सनने त्याखाली बसवलेली त्रिकोणी चौकट आणि वजन सरकवून वळण्याची युक्ती, यांतून आजचा हँग ग्लायडर घडला. 23 मे 1971 रोजी, लिलिएंथालच्या जन्मदिनी, कॅलिफोर्नियात हौशी मंडळींचा मेळावा भरला आणि पाहता पाहता वेड पसरले. बांबू आणि प्लॅस्टिकचे कापड आणायचे, घरी पंख बांधायचा आणि टेकडीवरून धावत सुटायचे. संख्येच्या हिशेबाने पाहिले तर खेळाचा असा बहर पुन्हा आला नाही. पण त्या बहरात कित्येक तरुण हकनाक मेले. त्यानंतरच संघटनांनी पायऱ्या बांधल्या : नवशिका, शिकाऊ, मध्यम, प्रगत, प्रत्येक पायरीला प्रात्यक्षिक, परीक्षा आणि प्रशिक्षकाची सही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पाच पायऱ्यांच्या आराखड्यातही पहिली पायरी जमिनीलगतच्या उड्डाणाची आहे. या पायऱ्या माणसे मेल्यानंतर आल्या, हे त्यांना 'कटकट' म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

बुटक्या टेकडीवर नेमके काय शिकवले जाते? पहिले काही तास विद्यार्थी उडतच नाही. पंख खांद्यावर तोलून उभे राहायचे, नाक फार वर किंवा फार खाली न जाऊ देता धावायचे, हात सैल ठेवायचे. पुढे पाय काही क्षण जमीन सोडतात. हातात येतो तो कंट्रोल बार, म्हणजे समोरची आडवी दांडी. ती आपल्याकडे ओढली की वेग वाढतो, पुढे ढकलली की वेग कमी होतो. आता मानवी स्वभाव पाहा. भ्यालेला माणूस जमिनीपासून दूर जाऊ पाहतो; त्याचे हात आपोआप दांडी पुढे ढकलतात. वेग तुटतो, पंख आधार सोडतो आणि ज्या पडण्याला तो भ्याला तेच घडते. भीती सांगते त्याच्या उलट करणे, हे या विद्येचे मर्म आहे. ते पुस्तकाने येत नाही, दुसऱ्याच्या शेजारी लटकूनही येत नाही. ते शंभर वेळा, अशा उंचीवर करावे लागते जिथे चुकीची किंमत मुरगळलेला घोटा एवढीच असते.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. धावण्यापूर्वी वैमानिकाचा पट्टा पंखाला अडकवला आहे ना, हे लटकून पाहायचे. हे करायला मोजके क्षण लागतात. आणि तरी पट्टा न अडकवताच धावल्यामुळे मुरलेले वैमानिकही प्राणाला मुकले आहेत. म्हणजे शिकवण्याचा अर्धा भाग कौशल्याचा असतो आणि अर्धा सवयीचा. सवय लावायला वेळ लागतो, आणि वेळ विकता येत नाही. दुकानाला शाळेचे वावडे असते ते म्हणूनच.

आपल्या देशात याची परिणती उघड दिसते. 1984 मध्ये हिमाचलातील बिलिंग येथे हँग ग्लायडिंगचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरला होता. 2015 मध्ये त्याच डोंगरावर पॅराग्लायडिंगची विश्वचषक स्पर्धा झाली. आज तेथे जाणारा सामान्य पर्यटक मात्र शिकायला जात नाही, 'फ्लाय' करायला जातो. या डोंगराचा हँग ग्लायडिंगपासून टँडमपर्यंतचा प्रवास हा शिकणाऱ्याकडून प्रवाशाकडे झालेला प्रवास आहे. आणि धंद्याच्या घाईत पहिला बळी जातो तो सवयीचाच. डिसेंबर 2022 मध्ये कुलूच्या डोभी येथे सातारा जिल्ह्यातील एक पर्यटक टँडम उड्डाणात खाली कोसळला. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच ठिकाणी तेलंगणातील एका तरुणीचा मृत्यू झाला. पट्ट्यांची तपासणी झाली नव्हती, असे प्राथमिक चौकशीत पुढे आले. 18 जानेवारी 2025 रोजी गोव्यात पेडणे तालुक्यातील केरीच्या पठारावरून उडालेली पुण्याची तरुणी आणि तिला नेणारा तरुण चालक, दोघेही दरीत कोसळून गेले. ही उड्डाणे पॅराग्लायडरची होती. पण वीस मिनिटांत एक गिऱ्हाईक उरकण्याचे गणित हँग ग्लायडरला लावले तर त्याचे उत्तर वेगळे येणार नाही.

केंद्र शासनाने 2022 च्या जूनमध्ये हवाई क्रीडांसाठी राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात अकरा प्रकार आहेत आणि हँग ग्लायडिंगही आहे. महाराष्ट्रानेही 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. दोन्हींचे स्वागतच आहे. तरी नावातला फरक पाहावा : एकात 'क्रीडा' आहे, दुसऱ्यात 'पर्यटन'. अपघात टाळणे एवढेच उद्दिष्ट असेल तर परवाने आणि तपासण्या पुरतील. वैमानिक घडवायचे असतील तर शिक्षक लागतात, आणि शिक्षक परवान्याने निर्माण होत नाही.

येथे तीन आक्षेप संभवतात. पहिला, टँडम हे प्रवेशद्वार आहे. असू शकते. विमानाने ओढून उंच नेलेल्या दोन आसनी ग्लायडरवर प्रशिक्षक विद्यार्थ्याच्या हाती दांडी देतो, चुका नोंदवतो, पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करतो. त्या टँडमला आम्ही वर्गच म्हणू. पण ज्या दारातून आत जाणाऱ्याला आत खोलीच सापडत नाही, त्याला दार म्हणण्यात अर्थ नाही. दुसरा आक्षेप, आजच्या तरुणांना धीर नाही. हे आम्ही वर्गात रोज ऐकतो आणि रोज नाकारतो. मावळात कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंगचे पायरीपायरीने अभ्यासक्रम वर्षानुवर्षे चालत आले आहेत आणि सुट्टी खर्चून, उन्हात पंख उचलून चढणारी मुले-मुली तेथे येतात. शिकवणारा असला की शिकणारा सापडतो. तिसरा आक्षेप, सोपा पॅराग्लायडर जिंकला, आता रडून काय उपयोग? सोप्या गोष्टीपुढे अवघड गोष्टीने मरावे असा नियम असता तर आमच्या विभागांत संत साहित्य कधीच उरले नसते. अवघड गोष्ट थोड्यांची असते. तिला त्या थोड्यांपर्यंत पोचवणारी व्यवस्था तेवढी लागते.

ही व्यवस्था फार खर्चिकही नाही. हवी असते ती मऊ गवताची किंवा वाळूची, सौम्य उताराची एक टेकडी. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील जॉकीज रिज येथे 1974 पासून वाळूच्या टेकड्यांवर नवशिक्यांना शिकवले जाते. वाळू पडणाऱ्याला सांभाळून घेते. टेकडी नसेल तर सपाट मैदानावर स्कूटरच्या इंजिनाने दोर गुंडाळून ग्लायडर जमिनीपासून हातभर उंचीवर ओढण्याची पद्धत आहे; पंख वर वाहून नेण्याचे कष्ट वाचतात आणि एका सकाळीत अनेक उड्डाणे होतात. हवेत संघाच्या मालकीचे दोन-चार शिकाऊ पंख, म्हणजे नवख्याला पहिल्याच दिवशी लाखांचे सामान घ्यावे लागू नये. ज्याच्या शेतात उतरायचे त्या शेतकऱ्याशी सलोखा हवा. आणि सर्वांत आधी, प्रशिक्षकाला शिकवण्यातून पोट भरता आले पाहिजे. आज त्याच्यापुढे निवड अशी असते : सकाळभर एका मुलाला धावायला शिकवावे, की तेवढ्याच वेळात दहा गिऱ्हाइके उडवावीत? त्याने दुसरे निवडले तर दोष त्याचा नाही. संघांनी वर्गणीतून, शासनाने क्रीडा निधीतून आणि जुन्या वैमानिकांनी आपल्या रविवारातून ही तूट भरून काढली पाहिजे. खेळ मरतो म्हणून हळहळणाऱ्या किती जणांनी गेल्या वर्षात एका तरी नवशिक्याचा पंख टेकडीवर चढवून दिला, हे त्यांनी स्वतःशी मोजावे.

मोजायचेच तर हेच मोजावे. किती लोक उडाले, हा आकडा तिकीटखिडकीचा आहे. खेळाच्या वाढीचा आकडा निराळा : या वर्षी किती जण एकटे उडाले, त्यांतले किती पुढच्या वर्षीही उडत आहेत आणि किती जण दुसऱ्याला शिकवू लागले. पहिला आकडा हजारांत असून तिसरा शून्य असेल, तर खेळ उद्याच संपेल. पहिला शंभरावर असून तिसरा पाच असेल, तर त्याला आणखी एक पिढी लाभेल. त्या पाच जणांसाठी टेकडी राखणे हे काम आहे, आणि ते जाहिरातीच्या खर्चातून होणारे नाही.